कुणाला ठेवायचं, कुणाला सोडायचं

२०२४ च्या फेब्रुवारीतली गोष्ट. रविवारची मराठी शाळा सुटायची होती आणि आम्ही तीन-चार बाप कॉरिडॉरमध्ये, ओल्या बुटांच्या रांगेशेजारी, कागदी कपातला चहा घेऊन उभे होतो. बाहेर डेट्रॉइटच्या उपनगरातला तो राखाडी उजेड, पार्किंगच्या कडेला मीठ आणि धुराने काळवंडलेल्या बर्फाचे ढीग. विषय अर्थातच पिस्टन्स, डेट्रॉइटचा बास्केटबॉल संघ. खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत त्याच गुरुवारी संपत होती. एका मित्राचा सातवीतला मुलगा वर्गातून लवकर सुटून आमच्यात येऊन उभा राहिला, बापाचा फोन मागून घेतला आणि ट्रेड मशीन, म्हणजे अदलाबदल जुळवून बघायचं पान, उघडलं. इकडचे खेळाडू तिकडे, तिकडचे इकडे, दोन्ही बाजूंचे पगार नियमात बसले की हिरवी खूण येते. त्याने शिकागोचा लव्हीन आणून पाहिला, अटलांटाचा मरे आणून पाहिला, आणखी दोघं-तिघं आणले. प्रत्येक सौद्यात डेट्रॉइटहून जाणाऱ्यांत एक नाव ठरलेलं होतं, किलियन हेज. मी विचारलं, "अरे, दर वेळी हेजच का?" तो म्हणाला, "काका, त्याचा पगार सात पॉइंट चार मिलियन आहे. मॅच करायला बरा पडतो." बाप कौतुकाने बघत होता, पोराचं गणित पक्कं आहे म्हणून. घरी येताना मुलगी मागच्या सीटवर पाठ केलेली कविता म्हणून दाखवत होती आणि मी 'छान, छान' म्हणत गाडी चालवत होतो. डोक्यात तेच घोळत होतं. बावीस वर्षांचा मुलगा, पगार जुळवायला बरा पडतो.

त्या मोसमाबद्दल इथल्या माणसाला काही सांगावं लागत नाही, नुसतं 'अठ्ठावीस' म्हटलं तरी पुरतं. २०२३ च्या ऑक्टोबरात पहिल्या तीनपैकी दोन सामने जिंकले आणि मग दोन महिने एकही नाही. सलग २८ पराभव. दारात हॅलोविनचे भोपळे मांडलेले होते तेव्हा हे सुरू झालं, थँक्सगिव्हिंग गेलं, ख्रिसमस गेला, तरी थांबेना. २६ डिसेंबरला ब्रुकलिनने हरवलं तेव्हा एकाच मोसमातल्या सलग पराभवांचा विक्रम आपल्या नावावर लागला. केड कनिंगहॅमने त्या रात्री ४१ गुण केले होते. सभागृहभर 'सेल द टीम'च्या आरोळ्या चालल्या होत्या, टीव्हीवरच्या समालोचकांनाही त्यावरून आवाज चढवून बोलावं लागत होतं. दोनच दिवसांनी बॉस्टनमध्ये, तिथल्या तगड्या संघासमोर, आपली पोरं मध्यंतराला १९ गुणांनी पुढे होती. मी स्वयंपाकघरात ताट हातात घेऊन उभ्यानेच जेवत होतो, बसायची हिंमत होईना. सामना जादा वेळेत गेला आणि हातचा गेला.

हरणाऱ्या संघाचे चाहते गप्प बसत असतील असं बाहेरच्यांना वाटतं. उलट असतं. त्या हिवाळ्यात आम्ही जेवढं बोललो तेवढं नंतर जिंकायला लागल्यावरही बोललो नाही. ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये, गणपतीच्या वर्गणीच्या हिशेबाला जमलो तेव्हा, कुणाच्या मुंजीत, जिथे दोघं भेटत तिथे सुरू. आणि बोलणं फिरून फिरून गार्डांवर, म्हणजे चेंडू पुढे घेऊन येणाऱ्या खेळाडूंवर, येई. केडबद्दल वाद नव्हता, २०२१ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, पहिल्या क्रमांकाने घेतलेला मुलगा, संघ त्याच्याभोवतीच उभा राहणार हे सगळ्यांना मान्य. प्रश्न होता त्याच्या शेजारी कोण, जेडन आयव्ही की किलियन हेज. आयव्हीचा पक्ष मोठा. पहिल्याच वर्षी त्याने सामन्यामागे सोळाच्या वर गुण केले होते, आणि चेंडू घेऊन तो सुटला की समोरचे चार जण मागे वळेपर्यंत हा रिंगखाली पोचलेला असे. हेजचा पक्ष छोटा पण चिवट. त्यांचं म्हणणं, हा मुलगा बचाव करतो, चेंडू वाटतो, आणि केडला एकट्याला सगळा भार वाहावा लागत नाही. तिसरा पक्ष होता 'सगळे विका' म्हणणाऱ्यांचा. त्यांच्याशी बोलणं अवघड, कारण त्यांच्या दुःखाला आकडा पुरत नव्हता.

नवे कोच मॉन्टी विल्यम्स यांनी मोसमाच्या सुरुवातीला हेजच्या बाजूने कौल दिला. सहा वर्षांचा, साडेसात कोटी डॉलर्सच्या वरचा करार करून आणलेला माणूस, त्याआधी फिनिक्सला अंतिम फेरीपर्यंत नेलेला. त्यांनी आयव्हीला बाकावर बसवलं आणि हेजला पहिल्या पाचांत घेतलं. इथे आगीत तेल पडलं. आयव्ही म्हणजे नुसता खेळाडू नव्हे, घरचा मुलगा. त्याची आई नीएल आयव्ही डेट्रॉइट शॉक या महिला संघाकडून खेळलेली, आजोबा लायन्सकडून अमेरिकन फुटबॉल खेळलेले. ड्राफ्टच्या रात्री आईच्या गळ्यात पडून रडलेला हा पोरगा डेट्रॉइटने पाहिला होता. त्याला बसवून ठेवायचं आणि ज्याची नेमबाजी तोवर एकाही मोसमात चाळीस टक्क्यांना पोचली नव्हती त्याला उभं करायचं, हे लोकांना सहन होईना. हेजने चेंडू हातात घेतला की वरच्या मजल्यावरून आधीच एक हुंकार यायचा, शॉट चुकायच्या आधी. तो हुंकार मी ऐकलाय. मला तो आवडला नाही, पण त्यात द्वेष होता असंही मी म्हणणार नाही. खूप दिवस दुखणं काढलेल्या माणसाचा असतो तसा होता तो.

आणि हेजच्या मागे एक भूत होतं. २०२० च्या ड्राफ्टमध्ये डेट्रॉइटने सातव्या क्रमांकाने त्याला घेतलं, पुढे बाराव्या क्रमांकावर टायरीस हॅलिबर्टन गेला. झालं. त्या दिवसापासून हेजने केलेली प्रत्येक चूक दुप्पट मोजली गेली, एकदा त्याची म्हणून आणि एकदा हॅलिबर्टनला न घेतल्याची म्हणून. तो ड्राफ्ट झाला नोव्हेंबरात, मोसम सुरू झाला डिसेंबरात. कोव्हिडचं वर्ष, समर लीग नाही, सरावाला वेळ नाही, रिकाम्या सभागृहात सामने. फ्रान्समधल्या शोले गावात वाढलेला, जर्मनीत एक वर्ष खेळून आलेला एकोणीस वर्षांचा मुलगा सातव्या सामन्यात कंबरेच्या सांध्याला दुखापत करून घेतो आणि एप्रिलपर्यंत बाहेर बसतो. पण भुताशी युक्तिवाद करता येत नाही.

माझ्या शेजारी एक निवृत्त गृहस्थ राहतात. आयुष्यभर ॲक्सल बनवणाऱ्या कारखान्यात लाइनवर काम केलेले, सत्तरी पार केलेली, पण बर्फ पडला की माझ्या आधी त्यांचं मशीन सुरू होतं आणि स्वतःचं आटोपून ते माझ्याही ड्राइव्हवेवरून एक हात फिरवून जातात. पिस्टन्सचे सामने ते रेडिओवर ऐकतात, गराजचं दार अर्धं वर करून. त्यांच्याकडून मला या शहराचा ट्रेडचा इतिहास कळला, आणि तो वाचलेला नव्हे, भोगलेला. १९८९ च्या फेब्रुवारीत एड्रियन डँटलीला डॅलसला देऊन मार्क अग्वायरला आणलं तेव्हा त्यांच्या शिफ्टमध्ये हातघाईची वेळ आली होती म्हणे. डँटली लाडका होता आणि अग्वायर हट्टी म्हणून बदनाम. चारच महिन्यांत संघाने पहिलं विजेतेपद जिंकलं. "आम्ही चषकाची मिरवणूक बघितली आणि डँटलीबद्दल बोलणं बंद केलं. पण मला तो आठवायचा," असं ते म्हणाले, आणि मशीनच्या तोंडात अडकलेला बर्फ काठीने मोकळा करत राहिले.

दुसरी गोष्ट उलट बाजूची. २००८ च्या नोव्हेंबरात, मोसम सुरू होऊन दोन सामने झाले असताना, चॉन्सी बिलप्सला डेन्व्हरला देऊन ॲलन आयव्हर्सनला आणलं. बिलप्स म्हणजे २००४ च्या अंतिम फेरीचा सर्वोत्तम खेळाडू, सलग सहा वर्षं कॉन्फरन्सच्या, म्हणजे लीगच्या आपल्या अर्ध्या भागाच्या, अंतिम फेरीत पोचलेल्या संघाचा कणा. त्याला विकणारे कोण, तर तेव्हा संघाचं व्यवस्थापन बघणारे जो ड्युमार्स, जे स्वतः या संघाचे गार्ड, १९८९ च्या अंतिम फेरीचे सर्वोत्तम खेळाडू. गार्डचं मोल ज्याला सगळ्यांत जास्त कळावं त्यानेच हे केलं. हिशेब अगदी बरोबर होता: आयव्हर्सनचा करार संपत होता, पैसे मोकळे होणार होते, पुढची उभारणी करता येणार होती. त्या वर्षी डेन्व्हर कॉन्फरन्सच्या अंतिम फेरीत गेलं आणि आपण पहिल्याच फेरीत एकही सामना न जिंकता घरी आलो. २००८ च्या मे महिन्यात बॉस्टनविरुद्ध बाद फेरीतला एक सामना जिंकला होता, त्यानंतर पुढची जवळजवळ सतरा वर्षं बाद फेरीतला एकही नाही.

लिटल सीझर्स अरीनात छताकडे मान वर केली की निवृत्त केलेल्या जर्सी दिसतात. आयझाया थॉमस, ड्युमार्स, बिलप्स, रिप हॅमिल्टन, पुढे शहराचे महापौर झालेले डेव्ह बिंग, १९९० मध्ये पोर्टलंडला शून्य पॉइंट सात सेकंद उरले असताना विजयी चेंडू टाकणारा व्हिनी जॉन्सन. हे सगळे गार्ड. तिन्ही विजेतेपदांत अंतिम फेरीचा सर्वोत्तम खेळाडूही दर वेळी गार्डच, ड्युमार्स, मग थॉमस, मग बिलप्स. इतर शहरांत उंच सेंटरांच्या आठवणी निघतात, इथे चेंडू वर घेऊन येणाऱ्यांच्या. त्यामुळे इथला चाहता गार्डबद्दल बोलताना हळवाही होतो आणि निष्ठुरही.

माझं गार्डांशी नातं त्याआधीचं, नागपूरचं. कॉलेजच्या मागे सिमेंटचा कोर्ट होता, उन्हाळ्यात संध्याकाळी सहालाही बुटांच्या तळव्यातून चटका लागायचा. रिंगला जाळी नव्हती, त्यामुळे चेंडू आत गेला की बाहेरून गेला यावर रोज भांडण. चेंडूवरचे दाणे झिजून तो तुळतुळीत झालेला, घामाने हातातून निसटायचा. आमचा पॉइंट गार्ड वर्ध्याचा, होस्टेलवर राहणारा, अबोल. त्याला शूट करता येत नसे. सगळ्यांना माहीत होतं, समोरच्या संघांनाही. कडेला बसलेली मंडळी ओरडायची, "सोड बे त्याले, तो काही मारत नाही!" आणि त्याचा बचावपटू खरोखरच त्याला सोडून मध्ये जाऊन उभा राहायचा. पण त्याचा पास! मी उजव्या कोपऱ्यात उभा असायचो आणि चेंडू माझ्या हातात यायचा तो छातीसमोर, शिवण आडवी, बोटं आपोआप जागेवर बसतील असा. शूट करण्याआधी चेंडू फिरवून घ्यावा लागत नसे. तेवढ्यात अर्धा सेकंद वाचतो आणि त्या अर्ध्या सेकंदावर माझे अर्धे गुण झालेले आहेत. आंतरविद्यापीठ निवडीच्या आधीच्या एका स्पर्धेत आमच्या सरांनी त्याला बसवलं आणि एका चपळ, शूट करणाऱ्या मुलाला आणलं. त्या मुलाने पंधरा-वीस गुण केले, आणि मला त्या सामन्यात धड पास मिळाला नाही. आम्ही हरलो. पुढच्या आठवड्यापासून वर्ध्याचा मुलगा मैदानावर यायचा बंद झाला. मेसमध्ये दिसायचा, 'काय म्हणतो' म्हटलं की हसायचा.

हेजचा खेळ बघताना मला तो दिसायचा. डावखुरा, मान वर, चेंडूकडे न बघता समोरचं सगळं हेरणारा. जेलन ड्युरेनला त्याने टाकलेले काही उंच पास असे होते की ड्युरेनने फक्त उडी मारायची. आणि बचावपटू त्याचंही तेच करत. मधल्या फळीतला मोठा माणूस आडवा उभा राहून आडोसा देतो, त्या आडोशाच्या कोणत्या बाजूने यायचं हे बचावपटूला ठरवावं लागतं. गार्ड लांबून मारणारा असेल तर वरून, त्याला चिकटूनच यावं लागतं, आणि मग आत वाट मोकळी होते. मारणारा नसेल तर तो निवांत खालून येतो आणि वाट अडवून उभा राहतो. हेजसमोर सगळे खालून यायचे. आता गंमत अशी नव्हती की फक्त हेजसमोरच. त्या वर्षीच्या संघात ऑसार थॉम्पसन लांबून मारणारा नव्हता, ड्युरेन तर नाहीच, आयझाया स्टुअर्ट अधूनमधून. बॉयान बोग्दानोविच मारायचा, पण सुरुवातीचे कित्येक सामने तो जखमी होऊन बाहेर होता. म्हणजे केड आत शिरायला लागला की समोर दोन नव्हे, चार माणसं. आयव्हीचा वेग तिथे काय कामाचा? भिंतीकडे जोरात धावून काय मिळणार?

मला त्या हिवाळ्यात जे सांगायचं होतं ते एवढंच होतं, आणि आजही तेच म्हणतो. हेज की आयव्ही हा वाद चुकीच्या जागी चालला होता. दोघांपैकी कुणालाही त्या भिंतीसमोर उभं केलं तरी तो लहानच दिसला असता. ज्यांनी शूटर न घेता संघ बांधला, ड्राफ्टमध्ये एकामागून एक अंगाने तगडे पण लांबून न मारणारे निवडले, सादिक बेसारखा मारणारा देऊन जेम्स वाइझमन हा आणखी एक सेंटर आणला, त्यांच्यावर कॉरिडॉरमध्ये चर्चा व्हायची, पण दोन मिनिटांत संपायची. व्यवस्थापन दिसत नाही. ते चेंडू गमावत नाही, त्याचा शॉट रिंगला लागून बाहेर येत नाही. हेज दिसतो. सगळा राग ज्याच्या हातात चेंडू आहे त्याच्यावर जाऊन बसतो, आणि गार्डच्या हातात तो सगळ्यांत जास्त वेळ असतो. शेजारचे आजोबा हे माझ्यापेक्षा थोडक्यात सांगायचे. कारखान्यात गाड्या खराब निघायला लागल्या तेव्हा वरच्यांनी आराखडा बदलला नाही, लाइनवरची माणसं बदलली. फलकावर कागद लावला होता आणि त्यावर नावं होती.

३० डिसेंबरचा टोरांटोविरुद्धचा सामना आम्ही सभागृहात जाऊन पाहिला. तिकिटं स्वस्त झाली होती, आम्ही मुलांना घेऊन गेलो. योगायोग असा की त्याच दिवशी टोरांटोने स्वतःचाच मोठा ट्रेड केला होता. ओजी अनुनोबीला न्यूयॉर्कला देऊन आर. जे. बॅरेट आणि इमॅन्युएल क्विकली घेतले होते, आणि नवे दोघं अजून पोचले नव्हते. म्हणजे समोरचा संघही त्या दिवशी अर्धवट, एक दोस्त सकाळी गेलेला. आमच्या पुढच्या रांगेत एक बाई लाल स्वेटर विणत होत्या, खरोखर, सुया खाली न ठेवता सामना बघत होत्या. चौथ्या डावात गुण अगदी जवळ आले तेव्हा त्यांनी विणकाम पिशवीत टाकलं आणि पिशवी दोन्ही पायांत घट्ट धरली. तो आवाज मला शब्दांत नीट सांगता येणार नाही. वीस हजारांच्या सभागृहात कुणी घोषणा देत नव्हतं, सगळे नुसते श्वास सोडत आणि घेत होते. केडने तीस गुण केले. १२९-१२७. जिंकल्यावर शेजारी बसलेला अनोळखी माणूस माझ्या मुलीला उचलून घेऊन नाचला आणि मग भानावर येऊन माझी माफी मागायला लागला. तीन विजय, एकोणतीस पराभव अशी आमची स्थिती होती, आणि वुडवर्ड अव्हेन्यूवर गाड्या हॉर्न वाजवत चालल्या होत्या.

आता त्या गुरुवारकडे. ८ फेब्रुवारी २०२४. आम्ही सगळे कामाच्या जागी, फोन मांडीवर. लव्हीनचं नाव आधीच निकालात निघालं होतं, पायाच्या शस्त्रक्रियेमुळे त्याचा मोसमच संपला होता. बोग्दानोविच आणि ॲलेक बर्क्स न्यूयॉर्कला गेले, बदल्यात क्वेंटिन ग्राइम्स आणि इतर आले. मॉन्टे मॉरिस मिनेसोटाला. मॉरिस मूळचा फ्लिंटचा, इथून तासाभरावरचा, घरी परत आला म्हणून उन्हाळ्यात केवढं कौतुक झालं होतं, आणि दुखापतीमुळे जेमतेम सहा सामने खेळून गेला. मग बातमी आली की नव्या खेळाडूंना जागा करायला हेजला मोकळं केलंय. ट्रेड नाही, नुसतं सोडून दिलं. फोनवरच्या प्रत्येक हिरव्या खुणेत बसणारा मुलगा प्रत्यक्षात कुणाच्याच सौद्यात बसला नाही. आमच्या ग्रुपवर अंगठे आले, फटाके आले. कुणीतरी 'सुटलो एकदाचे' लिहिलं. मी काहीच लिहिलं नाही. मला हेज राहावा असं वाटत होतं असंही नाही, चार वर्षं पुरेशी होती, दोघांनाही मोकळं होण्याची गरज होती. तरी त्या फटाक्यांकडे बघून पोटात कालवलं. या शहरात नोकरी गेल्याची बातमी दुपारी येते हे आमच्यातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. आम्ही सगळे गाड्यांच्या धंद्यातले. मंदीचं २००९ ज्यांनी इथे काढलंय त्यांना खोका हातात घेऊन पार्किंगकडे चालणारी माणसं आठवतात.

मोसम १४ विजय आणि ६८ पराभवांवर संपला, संघाच्या इतिहासातला सर्वांत वाईट. उन्हाळ्यात विल्यम्स गेले, जनरल मॅनेजर ट्रॉय वीव्हरही गेले. ट्रेजन लँग्डन आले, त्यांनी जे. बी. बिकरस्टाफ यांना कोच केलं आणि मग अगदी साधी गोष्ट केली, लांबून मारणारी माणसं आणली. मलिक बीझली, टिम हार्डवे, टोबायस हॅरिस. तिघांपैकी कुणी तारा नव्हे. बीझलीने मोसमात लांबून ३१९ तीन-गुणी शॉट टाकले. केड तोच, ड्युरेन तोच, आयव्ही तोच, आणि १४ चे ४४ झाले. आयव्हीसमोरची भिंत हटली आणि त्याने तीस सामन्यांत साडेसतरा गुणांची सरासरी गाठली, लांबूनही दहापैकी चार आत. नववर्षाच्या दिवशी ओरलँडोविरुद्ध २२ गुण करून तो चौथ्या डावात जमिनीवर पडलेल्या चेंडूसाठी झुंजत असताना समोरचा खेळाडू त्याच्या पायावर पडला. डाव्या पायाचं हाड मोडलं. टीव्हीवर पुन्हा दाखवू लागले तेव्हा मी मुलीच्या डोळ्यांवर हात ठेवला. स्ट्रेचरवरून जाताना सगळा संघ त्याच्याभोवती उभा होता, आणि वर्षभरापूर्वी 'कुणाला विकायचं' यावर तासन्‌तास बोलणाऱ्या आमच्या ग्रुपवर त्या रात्री कुणी एक ओळ टाकली नाही.

२०२५ च्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्कला, मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये, बाद फेरीतल्या विजयाची सतरा वर्षांची ती प्रतीक्षा संपली. १००-९४. केडचे ३३ गुण, आणि शेवटच्या मिनिटात आघाडी मिळवून देणारा तीन-गुणी डेनिस श्रोडरचा, जो फेब्रुवारीतल्या ट्रेडमध्ये आला होता. त्याच उन्हाळ्यात तो सॅक्रमेंटोला गेलाही. ग्राइम्सचं बघा, न्यूयॉर्कहून डेट्रॉइट, तिथून हार्डवेच्या बदल्यात डॅलस, तिथून फिलाडेल्फिया, सगळं मिळून एका वर्षात. आणि हॅलिबर्टन, आमचं भूत, त्यालाही सॅक्रमेंटोने दोनच वर्षांत इंडियानाला देऊन टाकलं होतं. म्हणजे तो आपल्याकडे आला असता तरी त्या भिंतीसमोर आपण त्याला किती दिवस सांभाळला असता, हे मी मित्रांना नेहमी विचारतो. २०२५ च्या जूनमध्ये तो इंडियानाला अंतिम फेरीच्या सातव्या सामन्यापर्यंत घेऊन गेला आणि तिथे त्याच्या टाचेची शीर तुटली. जमिनीवर हात आपटत होता. मला त्या क्षणी २०२० चा ड्राफ्ट आठवला नाही, याचंच बरं वाटलं.

२०२५ च्या ऑगस्टात वाद आयव्हीच्या करारावर आला. मोसम सुरू होण्याआधी मुदतवाढ द्यायची की वर्षभर थांबायचं. आमच्यातला पुण्याचा मित्र म्हणत होता, हाड मोडलेल्या, वेगावर जगणाऱ्या गार्डला आत्ताच विकावं, किंमत आहे तोवर. त्याच्या बोलण्यात तथ्य नव्हतं असं नाही. पण केड आणि आयव्ही, दोघंही धडधाकट, दोन्ही कोपऱ्यांत मारणारी माणसं उभी, असा एक अख्खा मोसम या शहराने तोवर पाहिलेलाच नव्हता. २०२२-२३ मध्ये केड बारा सामन्यांनंतर नडगीच्या शस्त्रक्रियेला गेला, पुढच्या वर्षी आयव्हीला बाकावर बसवलं, त्याच्या पुढच्या वर्षी पाय मोडला. तीन वर्षांत दोघांना मिळून मनासारखा एक सबंध मोसमही मिळाला नव्हता, आणि आम्ही निकाल द्यायला निघालो होतो. माझं म्हणणं होतं, करार करा, आणि नाही जमला तरी फेब्रुवारीत हात लावू नका. मियामीहून लांबून मारणारा डंकन रॉबिन्सन आला होता, कोपरा त्याला द्या. कॅरिस लव्हर्टही आला होता, मिशिगन विद्यापीठात खेळलेला, तो बाकावरून येऊन चेंडू सांभाळेल. पुण्याचा मित्र म्हणत होता, आपला तरुण गार्ड मार्कस सॅसर, त्यालाच मिनिटं द्या, तो आपण घडवलेला आहे, लव्हर्ट कशाला हवा होता. एका रात्री अकरापर्यंत आम्ही फोनवर होतो, आणि सॅसरला किती मिनिटं मिळावीत यावर तरीही एकमत झालं नाही.